पोटाला आकडा नसतो

किडनी बदललेला माणूस दगावला, की कारण बहुतेकदा जंतुसंसर्ग असतं, नाहीतर हृदय. हर्नियाचं नाव त्या यादीत कुणी शोधत नाही. पण हर्नियाचा एक प्रकार बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही आणि चार दिवसांत होत्याचं नव्हतं करतो. १९७८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या सर्जननी असे तीन रुग्ण नोंदवले आणि त्याला ‘पॅराट्रान्सप्लांट हर्निया’ म्हटलं. नव्या किडनीच्या शेजारी राहून गेलेल्या फटीत आतडं शिरतं आणि तिथेच अडकतं. त्यानंतर वेगवेगळ्या देशांतून अधूनमधून अशा नोंदी येत राहिल्या. त्यातला घोळ मात्र पुन्हा पुन्हा तोच असतो.

तो घोळ इथे एका शरीरात बसवला आहे. रुग्ण कल्पित, रुग्णालय कल्पित, घड्याळही कल्पित. आतड्यांचं वागणं तेवढं खरं.

रुग्ण चौतीस वर्षांचा, सोलापूरकडचा, घरची पिठाची गिरणी. डायलिसिसचं सेंटर लांब, म्हणून दीड वर्ष त्याने घरीच पोटाचं डायलिसिस केलं: नळीतून पोटात पाणी सोडायचं, काही तासांनी काढायचं. दोनदा पोटात जंतू झाले. नळी काढावी लागली. मग आठवड्यातून तीनदा एसटीने जाऊन रक्ताचं डायलिसिस. शेवटी आईने किडनी द्यायची ठरवली. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात आई जवळच्या नात्यात येते, त्यामुळे कागदपत्रांचा त्रास त्या मानाने कमी झाला.

सोमवार, सकाळी ११:२०. अजून ८९ तास

पोटाच्या उजव्या बाजूला, जांघेकडे वळत जाणारा छेद. जुन्या किडन्या सहसा कुणी काढत नाही, त्या पाठीशी असतात तिथेच राहतात. नवी किडनी बसते पुढे, ओटीपोटाच्या उजव्या खळग्यात. रेने कुस या फ्रेंच सर्जनने १९५१ साली पॅरिसमध्ये ही वाट वापरली. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी जुळ्या भावाची किडनी बसवून पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, तेही याच वाटेने. सत्तर वर्षांत औषधं बदलली, धागे बदलले, जागा तीच राहिली. कारण साधं आहे. मोठी धमनी आणि शीर इथे हाताशी येतात, मूत्राशय शेजारी असतं, आणि आतड्यांची पिशवी उघडावी लागत नाही.

सगळी गोम त्या पिशवीत आहे. पेरिटोनियम नावाचं पातळ अस्तर आतड्यांना वेढून असतं. ते न फाडता बोटांनी आणि ओल्या गॉजने हळूहळू आतल्या बाजूला सारायचं, म्हणजे मागे किडनीपुरती मोकळी जागा तयार होते. अस्तर अखंड राहिलं तर आतडी एका घरात, किडनी दुसऱ्या. उद्या लघवीची नळी गळली तरी ती लघवी आतड्यांत पसरत नाही. बायोप्सीची सुई घालायची झाली तरी मध्ये आतडं येत नाही.

पण या माणसाचं अस्तर दीड वर्ष पाण्यात होतं आणि दोनदा सुजून बसलं होतं. ते जाड झालंय, जागोजाग चिकटलंय. सरकवताना फाटतं. दोन सेंटिमीटरची चीर सर्जनला दिसते, ती तो धाग्याने बंद करतो. दुसरी चीर वरच्या अंगाला आहे, रिट्रॅक्टरच्या पात्याखाली, जिथे थोड्या वेळाने किडनीचं वरचं टोक येणार आहे. ती दिसत नाही.

चीर बोटभर आहे. ती वीतभर असती तर धोका कमी होता. मोठ्या भोकातून आतडं आत जातं तसं बाहेरही येतं. लहान भोक त्याला जाऊ देतं आणि परत सोडत नाही.

सोमवार, दुपारी १२:५०. अजून ८७ तास ३० मिनिटं

क्लॅम्प सुटतात. राखाडी पडलेली किडनी गुलाबी होते, ताठरते, आणि काही मिनिटांत मूत्रनलिकेच्या कापलेल्या टोकातून लघवीची चिळकांडी उडते. कितीही प्रत्यारोपणं केलेला सर्जन असो, या क्षणी तो मास्कच्या आड हसतोच. एक रेसिडेंट धावत बाहेर जाऊन सांगतो, “लघवी आली.” जिन्यापाशी बसलेली बायको आणि मेहुणा एकमेकांकडे बघतात. गेली तीन वर्षं या घरात लघवीचा थेंब मोजला गेला आहे. हा शब्द त्यांना आता परीक्षेच्या निकालासारखा ऐकू येतो.

आत ५०० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून चढलेलं आहे. पुढे टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि रोजचं स्टेरॉइड. ही तिन्ही औषधं मिळून शरीराला सांगतात, की परका अवयव आलाय, गप्प बसा. शरीर ऐकतं. फक्त ते किडनीपुरतं गप्प बसत नाही, सगळ्याच बाबतीत बसतं. बोस्टनच्या त्या पहिल्या रुग्णाला हा प्रश्न नव्हता. जुळ्याची किडनी असल्याने त्याला ही औषधं लागलीच नाहीत. पोटात काही बिघडलं असतं तर त्याच्या पोटाने आरडाओरडा केला असता.

सिरोलिमस हे चौथं औषध या युनिटने मुद्दाम टाळलंय, आणि ते बरोबर आहे.  ते जखम भरून आणणाऱ्या पेशींनाही थोपवतं, म्हणून प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत अनेक सर्जन ते जवळ फिरकू देत नाहीत. टाक्यांतून पुढे होणाऱ्या हर्नियाचं तेही एक कारण. म्हणजे हर्नियाचा विचार या युनिटने केलेला होता. तो बाहेरच्या हर्नियाचा होता.

मंगळवार, सकाळी ७:००. अजून ६९ तास २० मिनिटं

पहिल्या दिवसाची लघवी अकरा लिटर. तासातासाला मोजायची आणि तेवढंच सलाईन चढवायचं. सिस्टरचा दुसरा कुठलाही हिशोब त्या चार्टपुढे टिकत नाही. किडनी चालू लागली की रक्तात उतरणारं क्रिएटिनिन ९.२ वरून ४.१ वर आलंय. आई दुसऱ्या वॉर्डात आहे, दुर्बिणीतून ऑपरेशन झाल्यामुळे ती याच्याआधी उठून बसलीय आणि मावशींकरवी निरोप पाठवतेय, पाणी पी म्हणावं आता, पोटभर पी. तीन वर्षं त्याला दिवसाला अर्धा लिटरवर राहावं लागलं होतं.

बुधवार, पहाटे २:३०. अजून ४९ तास ५० मिनिटं

तो खोकतो. भूल दिलेल्या माणसाच्या छातीत कफ साठतो, खोकल्याशिवाय तो सुटत नाही, आणि टाक्यांवर उशी दाबून खोका असं फिजिओथेरपिस्टनेच शिकवलेलं असतं. खोकताना पोटातला दाब वाढतो. लहान आतडं पाच-सहा मीटर लांब, एका पातळ पडद्याला टांगलेलं, सतत हलतं. त्याचा एक फास वरच्या चिरेतून पलीकडे जातो, किडनी आणि पोटाची भिंत यांच्या मधल्या मोकळ्या जागेत.

कशाचीच नोंद होत नाही. कुणी करायची? रुग्णालाही फक्त एवढंच वाटतं, की खोकल्याने टाके ओढले.

बुधवार, सकाळी ९:००. अजून ४३ तास २० मिनिटं

राउंड. नेफ्रोलॉजिस्ट, सर्जन, दोन रेसिडेंट, ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर. क्रिएटिनिन १.९. सगळ्यांचे चेहरे उजळलेले.

“गॅस पास झाला का?”

“नाही सर.”

“पोट?”

“जरा फुगल्यासारखं वाटतंय.”

सर्जन पोटावर हात ठेवतो. मऊ आहे. दुखतं कुठे, तर टाक्यांपाशी, आणि ते दुखणारच. तो म्हणतो, “चालायला लागा, मोकळं होईल.” फाइलमध्ये लिहिलं जातं, की आतड्यांची हालचाल मंदावली आहे. पोटॅशियम तपासा, सपोझिटरी द्या.

या निदानात मूर्खपणा काही नाही. ऑपरेशननंतर आतडी सुस्तावतात. वेदनाशामकांनी सुस्तावतात, पोटॅशियम घसरलं की सुस्तावतात, मायकोफेनोलेटने पोट बिघडणं तर रोजचंच. शंभरातल्या नव्याण्णव जणांचं पोट तिसऱ्या दिवशी मोकळं होतं आणि राउंडमधलं हे वाक्य कुणाच्या लक्षातही राहत नाही.

फक्त एक प्रश्न विचारायचा राहून गेला. या ऑपरेशनात आतड्यांना हात लागलेला नाही. सगळं काम त्यांच्या पिशवीबाहेर झालं. मग ती इतकी का सुस्तावली? तिसऱ्या दिवशीही गॅस नाही याचा अर्थ आतड्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसात वेगळा आणि या माणसात वेगळा. त्यात याच माणसाचं अस्तर परवा फाटलं होतं, एक चीर शिवली होती. ती गोष्ट ऑपरेशनच्या नोंदीत असती, तर राउंडमध्ये कुणाच्या तरी मनात चमकून गेली असती. नोंदीत रक्तवाहिन्या किती मिनिटांत जोडल्या ते आहे, लघवी कधी आली ते आहे, स्टेंट घातल्याचं आहे. अस्तराची चीर किरकोळ म्हणून राहिली. प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेत अस्तर उघडलं का, आणि उघडलं तर कुठे, ही ओळ सक्तीची असायला हवी असं माझं मत आहे; ती लिहायला अर्धं मिनिट लागतं.

बुधवार, संध्याकाळी ५:४०. अजून ३४ तास ४० मिनिटं

उलटी. आधी चहा, मग पिवळं, मग हिरवं.

सिस्टर किडनी ट्रे धरते. पुढच्या दहा मिनिटांत वॉर्डात जी चर्चा होते, ती सगळी या दुखण्याचं सार आहे. उलटी का झाली यावर चर्चा होत नाही. संध्याकाळची टॅक्रोलिमसची कॅप्सूल उलटीत पडली का, यावर होते. गोळी घेऊन किती मिनिटं झाली होती? अर्धा तास झाला असेल तर पुन्हा द्यायची का? रेसिडेंट वरिष्ठांना फोन लावतो, डोसचं ठरतं, ऑनडॅनसेट्रॉनचं इंजेक्शन दिलं जातं. संध्याकाळचं क्रिएटिनिन येतं: १.५. फोनवरून पलीकडे “छान” ऐकू येतं.

क्रिएटिनिनला आकडा आहे. लघवीला मिली आहेत, टॅक्रोलिमसची पातळी प्रयोगशाळा कळवते, रक्तदाबाला तर दोन आकड्यांची जोडी आहे. पोटाला आकडा नाही. ते फुगलंय, जरा जास्त फुगलंय, कालच्यासारखंच आहे, असं सांगावं लागतं, आणि प्रत्येक पाळीला सांगणारा माणूस बदलतो.

फास आता चिरेत घट्ट बसला आहे. आतड्यातलं पाणी आणि हवा पुढे सरकत नाही, त्यामुळे फास फुगतो. फुगला की चिरेच्या कडा आणखी रुततात. आधी दबते ती शीर, कारण तिची भिंत मऊ. धमनी ताठ, ती रक्त ढकलत राहते. आत येणारं रक्त चालू, बाहेर जाणारं बंद. आतड्याची भिंत सुजते, निळी पडते.

गुरुवार, पहाटे १:१५. अजून २७ तास ५ मिनिटं

रात्रपाळीच्या सिस्टरला हा माणूस बरा वाटत नाही. नाडी ११२. ताप नाही, ९८.४. बेंबीभोवती कळ येते, जाते, पुन्हा येते. कळ आली की तो पाय पोटाशी घेतो. टाक्यांचं दुखणं असं लाटेने येत नाही, हे तिला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलंय.

ती रेसिडेंटला उठवते. “डॉक्टर, पोट चांगलं नाही याचं. एकदा येऊन बघा.”

तो येतो. दाबून बघतो. पोट फुगलेलं पण मऊ. त्याच्या पुस्तकात पोटात काही भयंकर झालं की पोट लाकडासारखं कडक होतं, दाबून हात सोडला की माणूस ओरडतो, ताप चढतो. यातलं काहीच नाही. पण ती सगळी लक्षणं म्हणजे शरीराने केलेली जळजळ, आणि ती जळजळच औषधांनी विझवून ठेवली आहे. स्टेरॉइडवरच्या माणसाचं पोट मऊ आहे यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे पदव्युत्तर परीक्षेत प्रत्येकाने लिहिलेलं असतं. पहाटे सव्वाला, सलग छत्तीस तास जागं राहिल्यावर, ते आठवायचं असतं.

ट्रॅमाडॉल दिलं जातं. तो झोपतो.

गुरुवार, सकाळी ८:३०. अजून १९ तास ५० मिनिटं

आता सगळे धावतात, कारण किडनी बिघडली. क्रिएटिनिन २.३. लघवी तासाला ३५ मिलीवर घसरली.

खरं तर किडनीला काही झालेलं नाही. अडकलेल्या आतड्यांत लिटरच्या लिटर पाणी जमलंय, ते रक्तातूनच गेलंय. किडनीला पाणी कमी पडतंय. पण प्रत्यारोपणाच्या चौथ्या दिवशी क्रिएटिनिन वाढलं की डोक्यात पहिला शब्द येतो रिजेक्शन. दुसरा, टॅक्रोलिमस जास्त झालं. तिसरा, रक्तवाहिनीत गुठळी. डॉपलर होतं. किडनीतला रक्तप्रवाह उत्तम, गुठळी नाही. किडनीच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा एक साठा दिसतो. लसिका साचली असेल, रक्त साचलं असेल, दोन्ही नेहमीचंच. साठा हलत नाही. हलला असता तर आतडं म्हणून ओळखू आलं असतं, पण ते आतडं आता हलायचं थांबलंय.

पोटाचा एक्स-रे निघतो. त्यात हवा आणि पाण्याच्या आडव्या पातळ्या, जिन्याच्या पायऱ्या. नाकातून रायल्स ट्यूब घालतात, नऊशे मिली हिरवं पाणी निघतं. फाइलमध्ये आता ‘आतड्यांत अडथळा?’ असं प्रश्नचिन्हासह लिहिलं जातं. त्याच्या वरच्या ओळीत ‘रिजेक्शन?’. संध्याकाळी बायोप्सी ठरते.

गुरुवार, दुपारी १:००. अजून १५ तास २० मिनिटं

सीटी स्कॅन करायचा का?

या प्रश्नावर चाळीस मिनिटं जातात, आणि ती सगळ्यात महागडी ठरतात. सर्जन म्हणतो करूया. नेफ्रोलॉजिस्ट म्हणतो, कॉन्ट्रास्ट नको, क्रिएटिनिन आधीच चढतंय, चार दिवसांच्या किडनीवर डाय टाकायचा? त्याची भीती निराधार नाही. पाणी कमी पडलेल्या किडनीला डाय सोसत नाही हे त्याने पाहिलेलं आहे. सर्जन मान डोलावतो. मग असं ठरतं, की सलाईन वाढवू, संध्याकाळचं क्रिएटिनिन बघू, तोवर बायोप्सी होऊ दे.

कॉन्ट्रास्टशिवायही साधा सीटी करता येतो. किडनीच्या पुढे-बाहेर आतड्याचा फास जाऊन बसलाय हे साध्या सीटीतही दिसलं असतं. त्याला डाय लागत नाही. तो कुणी सुचवला नाही, कारण खोलीतल्या सगळ्यांनी सीटीला विचारायचा प्रश्न किडनीचा धरला होता, आणि किडनीबद्दल साधा सीटी फारसं बोलत नाही. पोटाबद्दल प्रश्न असता तर पाच मिनिटांत माणूस मशीनवर असता. इथे आणखी एक गोष्ट होते, ती कुठल्याही मोठ्या रुग्णालयात होते. रुग्ण नेफ्रोलॉजीच्या नावावर, जखम सर्जरीच्या, आणि पोट कुणाच्याच नाही. पोटाच्या सर्जनला बोलवायचं तर मत मागायची चिठ्ठी लिहावी लागते. ती दुपारी दीडला लिहिली गेली. ज्याला द्यायची तो ओटीत होता.

बायोप्सीही झाली नाही. रक्त गोठण्याचा रिपोर्ट उशिरा आला, सोनोग्राफीचा माणूस निघून गेला, उद्यावर ढकललं. याला नशीब म्हणायचं. ती सुई सरळ त्या साठ्यातून, म्हणजे आतड्यातून गेली असती.

गुरुवार, संध्याकाळी ७:००. अजून ९ तास २० मिनिटं

दुखणं कमी झालं. बायको घरी फोन करून सांगते, “आज जरा बरे आहेत, कण्हत नाहीत.” सिस्टर बदललीय, कालच्या सिस्टरला सुट्टी आहे.

दुखणं कमी झालं कारण आतड्याच्या भिंतीतले मज्जातंतू मेले. धमनीही आता दबली आहे. सत्तर सेंटिमीटर लांबीचा फास काळा पडतोय, त्याची भिंत पातळ होतेय, आणि आतले जंतू भिंतीतून झिरपायला लागलेत. अडकलेल्या आतड्याच्या दुखण्यात अचानक आराम पडला तर तो सर्वांत वाईट निरोप असतो.

गुरुवार, रात्री ११:३०. अजून ४ तास ५० मिनिटं

रक्तदाब ९० वर ६०. श्वास मिनिटाला २८. पांढऱ्या पेशी १९,०००. सकाळीही त्या वाढलेल्या होत्या, स्टेरॉइडने वाढतात म्हणून सोडून दिल्या होत्या. लॅक्टेट ४.८. हा आकडा पोटाच्या सगळ्यात जवळचा, पण तो पहिल्यांदाच काढला गेला.

रात्रीच्या ड्यूटीची रेडिओलॉजिस्ट मशीन बेडपाशी आणते. तिने सकाळचा रिपोर्ट वाचलेला नाही, हे बरंच झालं. ती साठ्यावर प्रोब धरते, फिरवते, परत धरते. “हा साठा नाही. याला भिंत आहे आणि भिंतीला घड्या आहेत. लहान आतडं आहे हे.”

बाराच्या सुमाराला साधा सीटी होतो. किडनी आणि पोटाची भिंत यांच्या मध्ये फुगलेल्या आतड्याचा गठ्ठा, त्याची मान एका अरुंद जागी चिमटलेली. रेडिओलॉजिस्ट सर्जनला स्वतः फोन करते.

शुक्रवार, पहाटे २:१०. अजून २ तास १० मिनिटं

रक्त मागवलंय, नॉरअॅड्रेनालिन चालू आहे, अपघाताची एक केस ओटीत आहे ती संपायची वाट. बायको सहीसाठी कागद हातात धरून विचारते, “किडनी राहील ना साहेब?” भूलतज्ज्ञ तिच्याकडे न बघता सांगतो, आत्ता सही करा ताई, वेळ नाही.

शुक्रवार, पहाटे ४:२०

ट्रॉलीवरून टेबलावर घेताना ओटीतल्या मामांना ड्रेनची बाटली उचलावी लागते. सोमवारपासून त्या नळीत फिकट लालसर पाणी येत होतं. आता ते हिरवट-तपकिरी आहे आणि त्याला वास आहे. नळीचं टोक किडनीशेजारी आहे. म्हणजे आतडं फुटलं, आणि फुटलं ते पोटात नाही, किडनीच्या घरात.

मधोमध पोट उघडतात. सत्तर सेंटिमीटर काळं आतडं चिरेतून ओढून काढावं लागतं. चीर मोठी केल्याशिवाय ते निघत नाही. मेलेला भाग कापतात. स्टेरॉइडवरच्या आणि इतका दाब घसरलेल्या माणसात आतड्याची टोकं जोडायची हिंमत सर्जन करत नाही, ती पोटावर बाहेर काढून ठेवतो. मग किडनीकडे वळतो.

किडनी गुलाबी आहे. रक्त खेळतंय. पण तिची धमनी जिथे शिवली आहे ते टाके विष्ठेच्या पाण्यात बुडालेले आहेत. चार दिवसांची शिवण अशा घाणीत कुजते आणि एखाद्या रात्री एकदम सुटते. मग रक्त थांबवायला मिनिटं मिळतात, तीही मोजकी. शिवाय किडनी ठेवायची तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं ठेवावी लागतात, आणि ती ठेवली तर हा संसर्ग आवरत नाही. नेफ्रोलॉजिस्टला घरून बोलावलंय, तो गाऊन घालून टेबलापाशी उभा आहे. दोघं बराच वेळ बोलतात. नोंदींमध्ये दोन्ही तऱ्हा आहेत: लवकर पोट उघडलं तिथे आतडं बाहेर ओढून, चीर बंद करून माणूस आणि किडनी दोन्ही घरी गेले, उशीर झाला तिथे एक गेलं, कधी दोन्ही. इथे उशीर झालेला आहे. पाच-चाळीसला धमनीवर पुन्हा क्लॅम्प बसतो.

शुक्रवार, सकाळी ७:३०

टॅक्रोलिमस बंद, मायकोफेनोलेट बंद. स्टेरॉइड एकदम थांबवता येत नाही, शरीराने स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं. म्हणून हायड्रोकॉर्टिसोन चालू. कातडी उघडी ठेवली आहे, दोन दिवसांनी पुन्हा आत बघायचं. अशी जखम पुढे भरली की तिच्यातून वर्षा-दोन वर्षांत हर्निया होण्याची शक्यता बरीच असते. तो बाहेरचा, नेहमीचा हर्निया: खोकलं की फुगवटा, पट्टा बांधायचा, ठरवून तारीख घेऊन जाळी बसवायची. प्रत्यारोपण झालेल्यांत वजन जास्त, मधुमेह, दोनदा पोट उघडलेलं, असं असलं की तो जास्त दिसतो, आणि त्याने सहसा कुणी मरत नाही. सर्जनला आज तो झाला तर हवाच आहे. त्यासाठी हा माणूस दोन वर्षं जगायला हवा.

आयसीयूच्या बाहेर तो बायकोला सगळं सांगतो. आतड्याचं तिला कळतं, पोटावरच्या पिशवीचं कळतं. किडनीपाशी ती थांबवते.

“काढली म्हणजे? चालू होती ना?”

“चालूच होती, ताई.”